केबल बदलून क्रॉसटॉक जात नाही

भोसरी-चाकण पट्ट्यात टेस्ट बेंच (उपकरणे तपासण्याची मांडणी) बांधणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतो आहे: स्विचिंग यंत्रणेत एका चॅनेलचा सिग्नल शेजारच्या चॅनेलमध्ये उमटत असेल, म्हणजेच क्रॉसटॉक होत असेल, तर सगळीकडे शिल्डेड (धातूच्या आवरणाची) केबल घ्यावी, शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करावे आणि न वापरलेली चॅनेल मोकळी सोडावीत.

पहिली सूचना घेऊ. शिल्डचा उपयोग केबलपुरताच असतो. कनेक्टर, रिले आणि मल्टिप्लेक्सर (अनेक चॅनेलमधून एक निवडणारा स्विच) यांच्या ठिकाणी सिग्नल उघडाच राहतो. बंद चॅनेलच्या स्विचमध्ये अवघा १ पिकोफॅरॅड कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता) असला, तरी १ मेगाहर्ट्झला त्याचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सुमारे १५९ किलोओहम भरतो. म्हणजे ज्या लाइनवर हा सिग्नल पाझरतो तिचा इम्पीडन्स १० किलोओहम असेल तर सुमारे ६ टक्के सिग्नल तिच्यावर येतो, आणि ५० ओहम असेल तर जेमतेम ०.०३ टक्के. केबल तीच असून फरक दोनशे पटींचा पडतो. म्हणून स्विचच्या आधी बफर (लाइनचा इम्पीडन्स कमी करणारे सर्किट) बसवता येतो का, हे केबलच्या खरेदीआधी पाहावे.

शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करणे उच्च फ्रिक्वेन्सीला योग्यच आहे, एवढे मान्य करायला हवे. पण तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलसारख्या मिलिव्होल्टच्या, संथ सिग्नलला तसे केले की दोन अर्थमधील फरकामुळे शिल्डमधून ५० हर्ट्झचा करंट वाहू लागतो, आणि नको असलेला गोंगाट आपणच आत घेतो.

तिसरी सूचना सपशेल चुकीची आहे. मोकळे इनपुट अँटेनासारखे वागते; ते ग्राउंडला बांधावे.

शिवाय उमटणारा प्रत्येक सिग्नल क्रॉसटॉक नसतो. आमच्या तपासणीच्या एका जिगवर आर्दुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या दुसऱ्या चॅनेलचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) फिरवला की तिसऱ्याचा आकडा हलायचा. मीही पुण्याच्या तापकीर गल्लीतून शिल्डेड केबल आणली. आकडा हलतच राहिला. त्यातल्या एटीमेगा-३२८पी चिपमध्ये सगळ्या चॅनेलना मिळून एकच १४ पिकोफॅरॅडचा सॅम्पलिंग कपॅसिटर (मोजण्यापुरता सिग्नल धरून ठेवणारा) आहे, आणि चिपची डेटाशीट सिग्नलच्या सोर्सचा इम्पीडन्स १० किलोओहमच्या आत ठेवायला सांगते. तिसऱ्या चॅनेलवरचा आमचा सेन्सर होता १ मेगाओहमचा. म्हणजे टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटरचा चार्ज बदलायला लागणाऱ्या वेळेचे माप) १४ मायक्रोसेकंद, तर सॅम्पलिंगला मिळणारा वेळ १२. साहजिकच आधीच्या चॅनेलचा चार्ज पुरता निघून जात नव्हता. सिग्नल संथ असल्याने पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर लावून भागले. केबलचे भेंडोळे अजून कपाटात पडून आहे.