दोन वर्षांच्या पोराला दहा रंग यायलाच हवेत? नाही हो!

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या वाडीच्या पालकांच्या ग्रुपवर तीनदा आला, मुंबईहून वहिनीने पाठवला, काल तर एसटीत शेजारच्या बाईंनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, वाचा जरा. मेसेजचं सार असं: मूल दोन वर्षांचं झालं की त्याला दहा रंग सांगता यायलाच हवेत, नाहीतर मेंदूची वाढ मागे पडलीय. रंग सारखे चुकत असतील तर मूल रंगांध आहे. उपाय काय तर रोज फ्लॅशकार्ड आणि रंगांचे व्हिडिओ, पानाफुलांचे खेळ म्हणजे वेळ फुकट. आणि रंग आधी इंग्रजीतच शिकवा, दोन भाषांत मूल गोंधळतं.

मी वेंगुर्ल्याजवळ सतरा वर्षं बालवाडी घेतेय. मेसेज वाचून सोडून दिला असता, पण गेल्या आठवड्यात एक आई पोराला कडेवर घेऊन आली आणि ओटीवर बसून रडायलाच लागली. "बाई, माझ्या झिलाक एक रंग कळणा नाय, माका भय वाटता." झील, म्हणजे तिचा मुलगा, दोन वर्षं आठ महिन्यांचा, आणि आई रडत होती तेव्हा तो खाली बसून माझ्या टोपलीतले शिंपले शांतपणे वेगळे करत होता, पांढरे एकीकडे, तपकिरी दुसरीकडे. मी तिला नुसतं बोट करून दाखवलं. म्हणून हे लिहितेय, एकेक मुद्दा घेऊन.

पहिला मुद्दा, दोन वर्षांत दहा रंग. हे साफ चूक आहे. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी, तिची मुलांच्या वाढीची यादी आहे, त्यात वस्तूंचे काही रंग सांगणं हे चार वर्षांच्या खान्यात येतं. काही रंग, दहा नव्हे, आणि चार वर्षं, दोन नव्हे. काही पोरं आधी सांगतात, त्यात वाईट काही नाही, पण तो नियम नाही. बाळाला रंग दिसायला चार महिन्यांच्या आसपास लागतात, ते काम तेव्हाच झालेलं असतं, उशीर लागतो तो नाव जोडायला. चार्ल्स डार्विनने १८७७ साली स्वतःच्या मुलांबद्दल लिहून ठेवलंय की त्यांना रंगांची नावं इतकी जड गेली की ती रंगांध आहेत की काय असं त्याला वाटलं होतं. म्हणजे ही भीती दीडशे वर्षांची जुनी आहे, वाडीतल्या आईने मनाला लावून घेऊ नये.

नाव जोडणं जड का जातं? कारण रंग ही वस्तू नाही. वाटी हातात येते, मांजर पळतं, पण "पिवळा" कुठे धरायचा? शिवाय आपल्या मराठीत तो एका जागी थांबतही नाही, पिवळा बोंडू (काजूचं फळ), पिवळी जास्वंद, पिवळं पान, एकाच रंगाची तीन रूपं पोराच्या कानावर पडतात आणि हे तिन्ही एकच आहेत हे त्याचं त्याला शोधून काढायचं असतं. कुठलाही रंग विचारा, मूल "निळा" म्हणतं, तेव्हा आया कपाळावर हात मारतात. मला उलट बरं वाटतं. "रंग कोणता" ह्या प्रश्नाला मांजर किंवा भात असं उत्तर येत नाही, रंगाचंच नाव येतं, म्हणजे अर्धी वाट चालून झाली.

आता फ्लॅशकार्ड, ह्याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण खरा घोळ इथे आहे. कार्डावर काय असतं? यलो म्हणजे केळं, रेड म्हणजे सफरचंद, ग्रीन म्हणजे पान. मूल चित्र पाठ करतं. माझ्याकडे एक पोरगा आला होता, कार्डं घडाघडा म्हणायचा, आईला केवढं कौतुक. एक दिवस परसातला केळीचा घड उतरवला, कच्चा, हिरवागार, आणि मी विचारलं ह्याचा रंग कोणता, तर तो म्हणाला "यलो". त्याच्या लेखी यलो हे केळ्याचंच दुसरं नाव होतं. पोरगा हुशार होता, त्याला शिकवलंच तसं होतं.

बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या रंगपाट्या कुणी बघितल्या असतील तर आठवा, पहिल्या पेटीत लाल, पिवळी आणि निळी अशा तीन जोड्या असतात, आकार तोच, वजन तेच, वेगळा फक्त रंग. मुलाचं लक्ष दुसरीकडे जायला जागाच नाही. त्या पाट्या महाग असतात, पण आपल्याकडे मार्च ते मे काजूच्या बागेत हेच फुकट पडलेलं असतं. तांबडा बोंडू आणि पिवळा बोंडू! वास तोच, घडण तीच, हाताला तसाच मऊ आणि चिकट. मी दोन सुपं ठेवते, एकात एक तांबडा टाकते, दुसऱ्यात एक पिवळा, तोंडाने काही बोलत नाही, आणि ढीग पोरांच्या पुढ्यात. त्या रडणाऱ्या आईचा झीलही बसला. चारपाच नीट टाकले, मग एक असा निघाला जो देठाकडे पिवळा आणि खाली तांबूस. तो घेऊन पोरगा कितीतरी वेळ नुसता बघत राहिला, एका सुपाकडे नेला, परत आणला, दुसऱ्याकडे नेला, आणि शेवटी दोन्ही सुपांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. आई माझ्या शेजारीच उभी होती. रंग कळत नसलेलं पोर असं करेल का सांगा.

जोड्या लावता यायला लागल्या की मग नाव, तेही तीन पायऱ्यांनी. आधी "हा तांबडा, हा पिवळा" एवढंच सांगायचं. मग "पिवळा दे बघू". ते जमल्यावरच "हा कोणता?". ही पद्धत फ्रान्सचे डॉक्टर एदुआर सेगँ ह्यांची, माँटेसरींनी ती उचलली. आपण घाई करून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो, पाहुणे आले की "सांग बेटा कुठला कलर", आणि पोर गप्प झालं की आपलं तोंड उतरतं. चुकलं तर नाही-नाही करत बसू नका, परत पहिल्या पायरीवर या, बस.

आणि पानाफुलांचे खेळ वेळ फुकट म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की ह्याच कोकण किनाऱ्यावर, वर बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे कोसबाडला नेलं, अनुताई वाघ सोबत होत्या, आणि परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं म्हणून दगड, शिंपले, पानं, बिया ह्यांवरच शिकवलं. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत त्यांचं मूळ तिथे आहे. पावसाळ्यात बोंडू नसतात तेव्हा मी गोकर्णाची फुलं पाण्यात चुरगळायला देते, पाणी निळं होतं, मग लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी. हळदीच्या पाण्यात निवळलेल्या चुन्याचे दोन थेंब मी स्वतः घालते आणि पाणी तांबडं होतं. तेव्हा पोरं रंगाचं नाव न विचारता ओरडतात. व्हिडिओत हे होत नाही, तिथे पोर नुसतं बघतं. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चारमध्ये दिवसाला फार तर एक तास, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून सांगितलंय.

इंग्रजी आधी, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. घरी आजी "तांबडो" म्हणते, पुस्तकात "लाल" आहे, कार्डावर "रेड", आणि पोराने तांबडो म्हटलं की चूक? अहो, बरोबर आहे ते! एका रंगाला दोन-तीन नावं असतात हे पोरं पचवतात, ज्या घरात दोन भाषा असतात तिथली पोरं रोज पचवतात. आणि आपली नावं तर वस्तूतूनच आलीत, जांभूळ खाल्लं की जांभळा जिभेवर उमटतो, आमसुली, अबोली, पोपटी, राखाडी, विटकरी, ह्यातलं प्रत्येक नाव पोराला हातात धरून दाखवता येतं. पर्पल कशात दाखवणार? इंग्रजी नावं शाळेत महिनाभरात येतात, त्याची घाई नको.

उरला रंगांधपणा. तो असतो, मी नाकारत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के आणि बायकांत अर्धा टक्का एवढं प्रमाण धरतात, आपल्याकडे त्याहून कमी. बहुतेक वेळा तो आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काहीच त्रास नसतो, म्हणून आजोळी आजोबांना किंवा मामाला आहे का ते विचारा. पण सगळ्याच रंगांची नावं चुकणं ही त्याची खूण नव्हे. नाव बाजूला ठेवून जोड्या लावायला द्या. नावं चुकतात पण जोड्या नीट लागतात, तर थांबा, येईल. जोड्यांमध्येच ठराविक रंग पुन्हापुन्हा एकत्र होतात, हिरव्यागार पानांत पिकलेली तांबडी मिरची दिसत नाही, तपकिरी खडूने झाड रंगवून हिरवं म्हणतो, आणि हे चार वर्षांनंतरही चाललंय, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तपासणी ठिपक्यांच्या चित्रांची असते, दुखत नाही, आकडे येत नसलेल्या लहानांसाठी बोटाने रेघ गिरवायची चित्रंही असतात. आणि निघालाच रंगांध, तरी त्याचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही.

आता खेळ सुरू कराल तर दोन गोष्टी मात्र पाळा. बोंडूची बी आधी मोठ्यांनी काढून लांब ठेवायची, तिच्या सालीतलं तेल लागलं की कातडी भाजते. आणि गुंजा देऊ नका. तांबड्या-काळ्या, चकचकीत, रंग वेगळे करायला अगदी बनवल्यासारख्या दिसतात म्हणून कुणीतरी देतंच, पण ती बी चावली गेली तर आतलं विष जीव घेऊ शकतं. गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, गुंजेचा वेल चढला असेल तर शेंगा तडकायच्या आधी काढून टाका.