खटका पडतो म्हणून ‘डायरेक्ट’ करून मागणाऱ्यांना

उन्हाळा लागला की नागपूर-वर्धा पट्ट्यातल्या आम्हा वायरिंगवाल्यांचे फोन वाजायला लागतात. कूलर माळ्यावरून खाली उतरलेले असतात, नवा वाळा भरून झालेला असतो आणि पहिल्याच संध्याकाळी घरातला एक खटका पडतो. फोनवरचं वाक्य ठरलेलं: “भाऊ, तो खटका सारखा पडते. डायरेक्ट करून द्या ना.”

हा खटका म्हणजे वीज गळायला लागली की लाईन तोडणारा, माणसाला शॉकपासून वाचवणारा. डायरेक्ट करणं म्हणजे त्याला वळसा घालून वायर सरळ जोडणं. पाच मिनिटांचं काम, करणारेही ढिगाने. मी करत नाही, आणि त्यापायी माझी काही चांगली गिऱ्हाइकं गेली आहेत. दर वेळी फोनवर तेच भांडण नको, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात ही पोस्टच पाठवीन.

आधी एक गैरसमज काढू. “आमच्याकडे सगळे एमसीबी आहेत, शॉकची भीतीच नाही.” हे मी इंजिनिअर लोकांच्या तोंडूनही ऐकलंय. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका. तो तुमच्यासाठी नाहीच, वायरीसाठी आहे. १९२४ साली जर्मनीत मानहाइमला ह्यूगो स्टोट्झच्या कंपनीत तो घडला. फ्यूज वितळला की नवा लावा, ही कटकट जावी आणि खटका नुसता वर उचलला की काम व्हावं, हा हेतू. वायर तापून आग लागू नये, शॉर्ट झालं तर लाईन तुटावी, हे काम तो गेली शंभर वर्षं उत्तम करतोय. पण हिशेब करून बघा. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअरपर्यंत तो ढिम्म हलत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलीअँपिअर जातील. म्हणजे एमसीबीच्या लेखी कुणीतरी एक साठचा बल्ब लावला, बस. आणि माणूस मरायला तेवढेही लागत नाहीत. ५० मिलीअँपिअर सेकंदभर छातीतून गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते. पूर्वी रात्रभर जळायचा तो झिरोचा बल्ब १५ वॉटचा असेल तर ६५ मिलीअँपिअर ओढायचा.

फ्यूजचं काय बोलावं. ‘किटकॅट’मध्ये, म्हणजे फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या खाच्यात, फ्यूज तारेऐवजी जाड तांब्याची तार पिळलेली नाही असं जुनं घर मला दाखवा. गावातल्या डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) पेटी उघडून बघाल तर काही ठिकाणी किटकॅटच नसतात, नुसत्या ॲल्युमिनियमच्या तारा आरपार. फ्यूज ही उत्तम युक्ती होती, पण तिला हरवायला एक पक्कड पुरते.

आता तो कूलरवाला खटका, वीज वायर सोडून जमिनीकडे गळाली की पडणारा. त्याला आम्ही जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतो. हल्ली पेटीवर आरसीसीबी लिहिलेलं असतं. त्याच्या मागे जी मंडळी आहेत त्यांची माहिती आमच्या धंद्यातल्याही फार थोड्यांना असते, आणि मला ती सांगायला आवडते.

चार्ल्स डॅल्झिल नावाचे एक प्राध्यापक अमेरिकेत बर्कलीला होते. त्यांना पडलेला प्रश्न असा: माणूस वायरीला चिकटतो तो नेमका किती करंटला? त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांच्या हातात तांब्याची तार दिली आणि करंट हळूहळू वाढवत नेला, तार सोडता येईनाशी होईपर्यंत. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलीअँपिअर, बायकांची साडेदहा. आपल्याकडे लोक म्हणतात, करंटने ओढून घेतलं. ओढत कुणी नाही. हाताचे बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात, सगळे एकदम आखडतात आणि मूठ आपोआप घट्ट होते. डॅल्झिलना कळलं की तार सुटत नाही त्या आकड्याच्या आतच लाईन तुटली पाहिजे. १९६१ साली त्यांनी ५ मिलीअँपिअरला तुटणारं उपकरण केलं. अमेरिकेत बाथरूमच्या सॉकेटवर जी दोन बारकी बटणं दिसतात, ती त्याचीच पुढची पिढी.

ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर याच काळात याच गोष्टीवर काम करत होते. या गृहस्थांनी मोजमापं स्वतःच्या अंगातून करंट सोडून घेतली. घरच्यांनी काय सहन केलं असेल देव जाणे.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती दक्षिण आफ्रिकेची गोष्ट. तिथल्या सोन्याच्या खाणींत ओल, लोखंड आणि वीज एकत्र, त्यामुळे गळती पकडणाऱ्या यंत्रणेची गरज तिथे आधी भासली. हेन्री रुबिन यांनी १९५० च्या दशकात खाणींसाठी अशी यंत्रणा केली. पुढे स्टिलफाँटेन या खाणवस्तीत एका घरातल्या बिघडलेल्या उपकरणाचा शॉक लागून एक बाई गेली, आणि मग १९५७-५८ मध्ये वस्तीतल्या काहीशे घरांत २० मिलीअँपिअरला तुटणारी उपकरणं बसवली गेली. खाणकामगारांची वस्ती होती ती, कुणा श्रीमंतांचे बंगले नव्हेत. आपल्याकडे आज हे उपकरण दिसतं फ्लॅटमध्ये आणि बंगल्यात. पत्र्याच्या खोलीत मला ते क्वचितच दिसलं.

आत असतं काय? एक लोखंडी कडं, आणि त्यातून फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही गेलेले. शाळेची सहल बसमध्ये चढताना मुलं मोजतात आणि परतताना पुन्हा मोजतात, तसं. जेवढा करंट गेला तेवढा परत आला तर कडं शांत. कूलरच्या पत्र्यातून, तुमच्या हातातून, पायातून थोडा करंट जमिनीत गेला की परतीचा आकडा कमी भरतो. तो फरक कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत जाणवतो आणि खटका पडतो. घरगुती मॉडेल ३० मिलीअँपिअरचं असतं. तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत तुटलंच पाहिजे, आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. शॉक बसतोच, कळ येते, तुम्ही शिवी देता. पण शिवी द्यायला उरता. घराचं अर्थिंग मेलेलं असलं तरीही हा काम करतो, आणि आपल्याकडची अर्थिंगची अवस्था बघता ही फार मोठी गोष्ट आहे.

मग तो ‘सारखा पडते’ ते का? बहुतेक वेळा कारण खरं असतं. वर्षभर माळ्यावर पडलेला कूलर, टाकीत बुडलेला पंप, त्याच्या गुंडाळीचं इन्शुलेशन गेलेलं. बॉडी पत्र्याची, प्लगची तिसरी पिन एक तर तोडलेली किंवा नुसती शोभेची. खाली सांडलेलं पाणी, आणि कुणीतरी चालू कूलरमध्येच पाईपने पाणी भरतंय. दर उन्हाळ्यात महावितरण पत्रकं काढून हेच सांगतं. खटका पडला म्हणजे कूलरने आपणहून सांगितलं की मी मारणार आहे. त्यावर आपण सांगणाऱ्यालाच काढून टाकतो.

काही वेळा मात्र दोष वायरमनचा असतो, हेही मान्य करू. सगळ्यांत जास्त वेळा न्यूट्रल एकत्र केलेला सापडतो. इन्व्हर्टर बसवणारा घाईत इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला जोडून जातो. मग करंट जातो एका वाटेने, परततो दुसऱ्या, कड्याचा हिशेब जुळत नाही आणि खटका टिकत नाही. वायरिंग सोडवून न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस लागतो, डायरेक्ट करायला पाच मिनिटं. म्हणून डायरेक्ट होतं. दुसरा प्रकार खेड्यातला: न्यूट्रल गेला की अर्थिंगच्या तारेवर बल्ब पेटवायचा. जुन्या मीटरांना चकवायलाही हीच युक्ती चालायची. आरसीसीबी असेल तर हे होणारच नाही. (वीजचोरीवर भाषणं देणाऱ्या साहेबांनी इकडे जरा लक्ष द्यावं.)

आणि पूर्ण घराला एकच आरसीसीबी असेल तर बाथरूममधल्या गिझरच्या गळतीने फ्रिजसुद्धा बंद पडतो, मालक गावाला गेलेले असतात, परत येऊन सगळं फेकायची वेळ येते. त्यांचा राग मी समजू शकतो. त्याचा इलाज म्हणजे दोन-तीन भागांना वेगवेगळे आरसीसीबी, किंवा एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेला आरसीबीओ. खर्च वाढतो, पण निदान इलाज आहे.

पडण्याचा हा राग मला आता नव्या जागी दिसतो, गच्चीवरच्या सोलरवर. २०२४ ला सूर्यघर योजना आली, लोकांनी पॅनेल बसवले, आणि पहिल्यांदा भर दुपारी लाईट गेली तेव्हा कळलं की सोलरही बंद. “वर एवढं ऊन आहे आणि घरात अंधार? फसवलं!” फसवलेलं नाही. ग्रिड गेली की बॅटरी नसलेल्या इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घ्यायचं, हा त्याचा नियमच आहे. कारण लाईन गेलीय म्हणजे कदाचित कुणी लाईनमन खांबावर चढलाय. त्याने लाईन तोडायचा एबी स्विच पाडलाय, कामाचं परमिट घेतलंय, तारा मेल्यात असं समजून त्याने हात घातलाय. तेव्हा तुमच्या गच्चीवरून उलटी वीज गेली, तर तुमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ती उलट्या दिशेने ११,००० व्होल्टपर्यंत चढवतो. दुकानांतल्या जनरेटरची तीच गोष्ट. चेंजओव्हर स्विच न लावता जनरेटरची वायर सरळ सॉकेटमध्ये खुपसणारे मी बघितलेत. चेंजओव्हर स्विच म्हणजे एक दांडा, तो एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो. एवढ्या साध्या वस्तूवर कुणाचा तरी जीव असतो, त्यातही बहुतेक वेळा एखाद्या ‘झिरो वायरमन’चा, ज्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नसतं.

उलटी उदाहरणंही आहेत. शेतातल्या मोटरीवरचा ‘ऑटो’ घ्या. लाईट आली की मोटर आपोआप चालू. रात्रीच्या पाळीत वीज दिली की शेतकरी बिचारा दुसरं काय करणार, झोप तर हवी. पण स्टार्टर मुद्दाम असा केलेला असतो की लाईट गेली की तो सुटतो आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय उचलत नाही. ऑटो त्या शहाणपणावर बोळा फिरवतो. पाण्यात उभा राहून फूटव्हॉल्व्ह साफ करणाऱ्याला लाईट कधी येईल हे कसं कळावं? शिवाय लाईट येताच सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते, ते वेगळंच. दिवसा वीज दिली तर अर्धे ऑटो आपोआप निघतील, असं माझं मत आहे.

आता सरकारकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत गेली काही वर्षं विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी १२,००० हून जास्त माणसं मेल्याची नोंद आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत गळती ओळखणाऱ्या उपकरणाचं बंधन होतं, पण पाच किलोवॅटच्या आतल्या घरगुती जोडण्या त्यातून सोडलेल्या होत्या. पाच किलोवॅट म्हणजे दोन एसी आणि गिझरचं घर. ज्या घराचा मंजूर भार अर्धा-एक किलोवॅट आहे, तिथेच पत्र्याला घासणारी वायर असते, तिथेच पत्र्याच्या खिळ्याला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओला टॉवेल टाकायला गेलेली बाई चिकटते, तिला सोडवायला धावलेला नवरा चिकटतो. पावसाळ्यात ही बातमी पेपरात येतेच, फक्त गाव बदलतं. पुढे नियम घट्ट झाले, पण नवीन जोडणीचा टेस्ट रिपोर्ट कसा भरला जातो ते मी सांगायला नको. सही एका लायसन्सवाल्याची, वायरिंग दुसऱ्याचं, आणि तपासलेलं कुणीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हे घरमालकावर सोडू नका. मीटर देताना सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी द्या, आणि तो खांबाकडच्या टोकाला सीलबंद पेटीत बसवा, फक्त पुन्हा उचलायचा दांडा बाहेर ठेवा. तिथे बसवला तर खांबापासून घरापर्यंतची, पत्र्यावरून गेलेली वायरही त्याच्या पहाऱ्यात येते. घरात बसवलेल्याला त्या वायरीची गळती दिसतच नाही. पैसे कुठून आणायचे असं विचाराल तर २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, आणि त्या घाऊक खरेदीने बल्बची किंमत कुठल्या कुठे उतरली. दीड-दोन हजारांचा आरसीसीबी तसाच उतरू शकतो. बल्बने बिल वाचतं आणि ते दर महिन्याला दिसतं. इथे न झालेला अपघात कुणाला दिसत नाही, एवढीच अडचण आहे.

हे उपकरण सर्वज्ञ नाही, हेही सांगतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात, तर कड्याचा हिशेब बरोबर जुळेल आणि तुम्ही जाल. म्हणून काम करताना मेन स्विच पाडायचा तो पाडायचाच, आणि टेस्टरने बघायचंच.

बाजारात जाणाऱ्यांसाठी: पेटीवर ३० एमए लिहिलेलं बघा. १०० आणि ३०० चे आगीसाठी असतात, माणसासाठी नाहीत, आणि दुकानदार स्टॉकमध्ये असेल तो देतो. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा. त्याच्यासोबत एमसीबी लागतोच, कारण आरसीसीबीला जास्तीचा लोड कळत नाही. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बारकं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबून खटका पडला नाही तर तो बदला. आणि बदलायला आलेला माणूस म्हणाला की याची काही गरज नाही, डायरेक्ट करून देतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.