कालव्याने भांडण मिटत नाही, दादा

दिवाळीत चुलतभावाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मागच्या हिवाळ्यात तो आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाला आला होता, तेव्हा फाउंटन हिल्स या गावात काढलेला. भर वाळवंटात आभाळाकडे उडणारं कारंजं. खाली लिहिलं होतं, 'समन्यायीची कटकट कायमची मिटवायची तर कोकणातून समुद्राला वाया जाणारं पाणी उचला आणि गोदावरीत टाका. अमेरिकेने वाळवंटात करून दाखवलं. इच्छाशक्ती पाहिजे.' भराभर अंगठे आले. एका काकांनी हात जोडले.

आम्ही कोपरगाव तालुक्यातले, गोदावरीच्या कालव्यावरचे. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असली, की नगर-नाशिकच्या धरणांतून मराठवाड्यासाठी पाणी सोडायचं, हा समन्यायी वाटपाचा नियम आमच्याकडे शिवीसारखा उच्चारला जातो. 'आमचं पाणी' हे दोन शब्द मीही गाव सोडेपर्यंत त्याच सुरात बोललो आहे. पण दादाने माझ्या अ‍ॅरिझोनाला साक्षीला बोलावलं ते मला झोंबलं. तो इथे आठ दिवस होता. मला चौदा वर्षं झाली.

इथे कालवा आहे हे खरं. कोलोरॅडो नदीचं पाणी ५४० किलोमीटर लांब, आठशे मीटरहून जास्त उंच चढवत फिनिक्स आणि टूसॉनला आणतात. साधारण १५ लाख एकर-फूट, आपल्या हिशेबात ६५ टीएमसी, म्हणजे जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याहून थोडंच कमी. दादाला एवढंच दिसलं. त्यामागचं भांडण व्हिडिओत येत नाही. १९२२ साली सात राज्यांनी नदी वाटून घेतली. अ‍ॅरिझोनाने त्या करारावर १९४४ पर्यंत संमती दिली नाही. १९३४ मध्ये तर कॅलिफोर्नियासाठी बांधलं जाणारं पार्कर धरण अडवायला इथल्या गव्हर्नरने नॅशनल गार्डची फौज पाठवली होती. पुढे सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये वाटा ठरवला, १९६८ मध्ये कालव्याचा कायदा झाला आणि काम पुरं व्हायला १९९३ उजाडलं. तो कायदा मंजूर व्हावा म्हणून अ‍ॅरिझोनाने एक अट मान्य केली होती: टंचाई आली तर आधी आमच्या कालव्याचं पाणी तुटेल, कॅलिफोर्नियाचं नंतर.

म्हणजे आम्ही इथे टेलचे, कालव्याच्या शेवटच्या टोकाचे. हे कळलं त्या दिवशी मला बायकोच्या माहेरची आठवण झाली. तिचं माहेर मराठवाड्यातलं, अंबडचं.

अट कागदावर राहिली नाही. २०२२ मध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि अ‍ॅरिझोनाचे २२ टीएमसी गेले. सगळ्यात मोठा घाव बसला तो पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांवर. त्यांचं कालव्याचं पाणी जवळजवळ सगळं बंद झालं. आय-टेन महामार्गाने टूसॉनला जाताना कासा ग्रांदेच्या अलीकडे-पलीकडे पडीक रानं दिसतात. त्या वर्षी मी एका शेताशी गाडी थांबवली होती. सिमेंटच्या चारीच्या काठावर वाकड्या नळ्या मांडलेल्या होत्या. चारीतलं पाणी सरीत सोडतात त्या, सायफनच्या. आमचे वडील रात्री दारं धरायला जात, तेव्हा त्यांच्याकडे फावडं आणि बॅटरी असे. इथे नळ्या असतात, एवढाच फरक. नळ्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या. चारीच्या तळाला गाळ सुकून त्याच्या खपल्या उठल्या होत्या. शेताचा म्हातारा मालक कुंपणाशी आला. अर्ध्या रानात अल्फाल्फाचा चारा बोअरवर ठेवलाय, बाकी सोडून दिलंय, म्हणाला. शहराला पाणी आणि आम्हाला धूळ, असंही म्हणाला. हे वाक्य मी पन्नास वेळा ऐकलंय, मराठवाड्याच्या तोंडून. ऐकून प्रत्येक वेळी वाद घातला होता. त्या दिवशी घातला नाही.

कारंजं बघणाऱ्यांना इथली 'हिला' नावाची नदीही दाखवायला हवी. चँडलरच्या दक्षिणेला, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, अकिमेल ओओधाम लोकांची वस्ती लागते. त्यांच्या नावाचा अर्थच नदीचे लोक. हे लोक शेकडो वर्षं कालवे काढून शेती करत होते. कॅलिफोर्नियाला सोन्यामागे निघालेल्या गोऱ्यांना त्यांनी आपल्या रानातला गहू विकला. मग वरच्या अंगाला गोऱ्यांच्या वसाहती झाल्या, त्यांनी नदी वळवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नदीच्या लोकांवर उपासमारीची पाळी आली. वरच्यांनी तेव्हा काय म्हटलं असेल ते मला शोधावं लागत नाही. आम्ही तेच म्हणतो. हक्काचं पाणी कायद्याने मिळायला २००४ साल उजाडलं. आज वर्षाला सुमारे २८ टीएमसी त्यांच्या नावावर आहे, कालव्याच्या पाण्यातला सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे आणि फिनिक्सच्या आसपासची शहरं त्यांच्याशी पाण्याचे करार करतात. त्यांनी आपल्या कालव्यावर सोलर पॅनेल बसवली. अमेरिकेत हे पहिल्यांदा झालं. गुजरातने २०१२ मध्येच केलं होतं, हे ऑफिसात सांगताना माझा आवाज चढला होता.

उत्तरेला नावाहो लोकांचा प्रदेश आहे. कालव्याचे पंप कित्येक वर्षं त्यांच्या भूमीवर, त्यांच्या कोळशाच्या विजेवर चालले. तो वीजप्रकल्प २०१९ मध्ये बंद झाला. त्यांच्याच सुमारे तीस टक्के घरांत आजही नळ नाही, पिकअपमध्ये टाकी ठेवून पाणी आणतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलण्याचं बंधन त्यांच्याशी झालेल्या करारानुसार सरकारवर नाही. दादा, इच्छाशक्ती ही अशी असते.

तरी मी अ‍ॅरिझोनाच्या बाजूने बोलणार. इथे कोणाचं पाणी आधी तुटेल ते आधी लिहिलेलं असतं. १९८० च्या भूजल कायद्याने फिनिक्सच्या पट्ट्यात नवी वसाहत बांधायची तर आधी शंभर वर्षांचं पाणी दाखवावं लागतं. २०२३ मध्ये गव्हर्नरने नुसत्या भूजलावरच्या नव्या वसाहतींची मंजुरी थांबवली, तीही घरं वडापावासारखी खपत असताना. पुण्यात माझ्या मित्राने कोटीचा फ्लॅट घेतला आणि पहिल्या उन्हाळ्यापासून टँकर सुरू. आपल्याकडेही समन्यायी वाटपाचा कायदा आहे, २००५ चा. पण दर टंचाईत तो कोर्टाच्या दारात उभा. अ‍ॅरिझोना क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून जरासाच लहान आहे. लोक ७५ लाखांच्या आसपास. पाऊस फिनिक्सला कोपरगावच्या निम्म्याहून कमी. आणि शेती ७० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, हे मात्र अगदी आपल्यासारखं.

मुलीच्या शाळेत राज्याचे 'पाच सी' पाठ करून घेतात: कॉपर, कॅटल, कॉटन, सिट्रस, क्लायमेट. तिने तक्त्यावर संत्र्याचं झाड काढलं. मेसा शहरातल्या बागा गेल्या, तिथे घरं झाली. आता चिपचे कारखाने आले, त्यांच्यावरच आमचं घर चालतं. तक्ता बघून बायको म्हणाली, "आमच्या बागेचं चित्र काढ की." त्या बागेची गोष्ट मुलीला माहीत नव्हती. २०१३ च्या उन्हाळ्यात सासऱ्यांची दीड एकर मोसंबी जळाली. झाडं तोडून सरपणाला विकली. सासूबाई टँकरमागे ड्रम घेऊन उभ्या राहिल्या. त्याच उन्हाळ्यात आमचा ऊस उभा होता, आणि त्याचे पैसे मला इथे आले होते. तेव्हा बायको काही बोलली नाही. दादाच्या व्हिडिओवरही बोलली नाही, ग्रुप म्यूट करून ठेवलाय तिने.

जुलैत इथे मान्सून येतो. इथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. पहिल्या सरीनंतर क्रिओसोटच्या झुडपांचा असा वास सुटतो, की मी दार उघडं ठेवून उभा राहतो. तो आमच्या काळ्या रानाचा वास नाही. तरी चौदा वर्षांत तो माझा झालाय, आणि हे गावाकडे कोणाला सांगितलेलं नाही.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, 'दादा, तो कालवा टेलला तुटतो.' उत्तर आलं, 'तू तिकडे गेलास, तुला इथलं काय कळतं.' मग मी फोन केला. म्हटलं, माझ्या वाट्याच्या अडीच एकरात यंदा ऊस लावू नकोस. तो बराच वेळ गप्प होता.

"मग काय लावू?"

मी ठिबक म्हणालो, सोयाबीन म्हणालो, तूर म्हणालो. भाव काय मिळेल ते त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही.

"ये," तो म्हणाला, "आणि तूच लाव."