एसी २६ वर ठेवा, पण त्या फॉरवर्डमधल्या कारणांसाठी नको

उन्हाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो: एसी २० वर ठेवला तर हायपोथर्मिया होतो, घाम येत नाही म्हणून विषारी द्रव्यं अंगात साठतात, फाइव्ह स्टार असला तरी कॉम्प्रेसर सतत चालतो, आणि २६ वर ठेवून पंखा लावला तर रात्रीत ५ युनिट वाचतात. २६ आणि पंखा हे मला पूर्ण पटतं, आमच्याकडे तसंच असतं. पण कारणं चुकीची आहेत.

हायपोथर्मिया म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ च्या खाली जाणं. २० च्या खोलीत पांघरूण घेऊन झोपलेल्या धडधाकट माणसाला तो होत नाही, नाशिकला डिसेंबरात रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली असतो आणि लोक झोपतातच की.

घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ, तो येतो अंग थंड करायला. घाण बाहेर काढायचं काम किडनी-लिव्हरचं, ते एसीतही चालूच असतं.

आता कॉम्प्रेसर. साधा एसी सेट केलेल्या तापमानाला पोचला की कॉम्प्रेसर बंद होतो, इन्व्हर्टरवाला स्पीड कमी करतो, पण मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापलेला असताना तुम्ही १८ लावलं तर खोली १८ ला येतच नाही, मग तो थांबणार कधी?

५ युनिटचा हिशोब तर करून बघाच. बीईईच्या (एसीला स्टार देणारी सरकारी संस्था) अंदाजाने एका डिग्रीला साधारण ६ टक्के वीज वाचते (२०२० पासून स्टारवाल्या एसींचं डिफॉल्ट २४ केलंय ते यासाठीच). समजा तुमचा दीड टनी रात्रीत ८ युनिट खातो, तर २० वरून २६ ला जेमतेम ३ वाचतील, त्यातून साध्या पंख्याचं अर्धं युनिट वजा. ५ वाचायला मुळात १४ खायला हवेत! तरी अडीच युनिट रोजचे, म्हणजे महिन्याला ७५, कमी आहेत का?

आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात २६ वरही चिकचिक वाटते, कारण त्रास दमटपणाचा असतो. तिथे रिमोटवरचा ड्राय मोड, म्हणजे हवेतला ओलावा कमी करणारा, लावून बघा.

मला खरी काळजी म्हाताऱ्या माणसांची वाटते. नागपूर-चंद्रपूरला दिवसा ४५ झालेलं, रात्रीही भिंती गरम, आणि असले मेसेज वाचून आजी-आजोबा घाबरून एसी बंदच करतात. त्यांना गरमीचा धोका जास्त आहे. २६-२७ वर लावून द्या, झोत अंगावर नको, पायावर चादर टाका.