संगीतातलं काही कळतं का काकू?

नमस्कार ‘सडेतोड नागपूरकर’,

तुमची प्रतिक्रिया सकाळी पोहे परतताना वाचली. पोहे लागले.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या आठवड्यात मी एकाच लेखात दोन गोष्टींवर लिहिलं होतं. एक, आमच्या भागातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनातलं काऊ-चिऊचं संगीत नाटक. दुसरी, ‘जोकर’ या हॉलिवूड सिनेमाचा दुसरा भाग, २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला ‘फॉली आ दू’, तोही गाण्यांचाच, जो मी फार उशिरा, घरच्या टीव्हीवर पाहिला. नाटकाला साडेतीन तारे दिले, सिनेमाला दीड. त्यावर या साहेबांची प्रतिक्रिया अशी: “गॅदरिंगला साडेतीन आणि ऑस्करवाल्या नटाला दीड? भाची स्टेजवर होती म्हणून का? जोकर सुपरहिरो नाही एवढंही माहीत नाही. सिनेमा अडीच तासांचा नाही. संगीतातलं काही कळतं का काकू की आपलं ठोकून द्यायचं?”

आधी चूक कबूल करते, नाहीतर पुन्हा म्हणाल की बाई ऐकतच नाही. सिनेमा १३८ मिनिटांचा आहे. मी अडीच तास लिहिलं, म्हणजे १२ मिनिटं जास्त लावली. मान्य. लेखात दुरुस्त केलं. मला तो अडीच तासांचा का वाटला, त्यात आता पडत नाही.

जोकर खलनायक आहे हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सुपरहिरोंच्या दुनियेतला सिनेमा या अर्थाने लिहिलं होतं. असो.

आता शेवटचं वाक्य. ‘काकू’ म्हटल्याचा राग नाही. वयाने मी काकूच आहे, अर्धा मोहल्ला काकूच म्हणतो. पण ती पोरं “काकू, बॉल द्या ना” म्हणतात. तुम्ही काकूला कुठे बसवलंय ते एकदा बघा. ‘कळतं का’ आणि ‘ठोकून द्यायचं’ यांच्या मधोमध, आणि आजूबाजूला स्वल्पविरामसुद्धा नाही. समोर बसून हे वाक्य तुम्ही बोलला असतात का? नसता बोलला. चहा घेतला असता आणि “छान लिहिता हो” म्हणून गेला असता. टोपणनावाच्या आडून मात्र जीभ सैल सुटते. ‘सडेतोड’ हे नाव माणसाने स्वतःच स्वतःला द्यायचं नसतं, एवढं तर कळायला हवं होतं.

तरी विचारलंच आहे तर सांगते. माझे वडील नागपूरच्या महाल भागातल्या एका हौशी नाटक मंडळात पेटी वाजवायचे. तालमी आमच्याच ओसरीवर चालायच्या. चहाचे कप विसळता विसळता मला पदं पाठ झाली, अर्थ पुढे दहा वर्षांनी कळले. आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला पेटीवर मीच होते. पद काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात ठरलेलं. गाणारी मुलगी पडदा उघडल्यावर घाबरली आणि काळी पाचात शिरली. मी काळी चार धरून बसले. एक ओळ नाही, तीन ओळी! पहिल्या रांगेतले लोक हसायला लागले तेव्हा कुठे माझा हात हलला. नंतर बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुला ती ऐकू येत नव्हती का गं?” त्या प्रश्नाचं उत्तर मी गेली चाळीसेक वर्षं देऊन राहिले आहे. तेव्हा कळतं का, हे मला विचारायचं असेल तर जरा जपून विचारा.

आणि शहर कुठलं आपलं? सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहावर गायक वसंतराव देशपांड्यांचं नाव आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते इथलेच. ते नाटक आलं १९६७ साली, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. त्यात दोन घराणी एकमेकांशी भांडतात ती गाण्यातून. गाणं म्हणजेच मारामारी. मैफलीत कोण हरलं यावर हवेली कोणाची ते ठरतं. पद काढून टाका, गोष्ट तिथेच बसेल. (जुन्या संगीत नाटकांत सगळं असंच असायचं असा माझा दावा नाही. कितीतरी नाटकांत नायिका नुसती गायची, वन्स मोअर घ्यायची आणि गोष्ट विंगेत ताटकळायची. ते मलाही चालतं, पण तिथे गळा तरी तसा असायचा.)

मी दोन्हीकडे मोजलं ते एवढंच: गाणं सुरू झालं तेव्हा माणूस जिथे होता, गाणं संपल्यावर तो तिथेच आहे की पुढे सरकला?

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारात. “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.” “थांब, माझ्या बाळाला तीट लावते.” ही गोष्ट तुम्हीही भात खाता खाता ऐकली असणार. त्या शाळेतल्या बाईंनी काय केलं, तर चिऊची चाल तिन्ही वेळा तीच ठेवली, लय तीच, तोच लाडिक हेल. काऊची ओळ मात्र दरवेळी तोडली. पहिल्यांदा “चिऊताई चिऊताई दार उघड” पूर्ण. दुसऱ्यांदा “चिऊताई, दार”. तिसऱ्यांदा नुसतं “दार”, आणि समेवर काहीच नाही, फक्त तबल्यावर एक थाप. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट, पण ती लाडिक चिऊ निर्दय आहे हे मला त्या दिवशी मांडवात लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा जाणवलं.

दार थर्माकोलचं होतं. दुसऱ्या थापेलाच ते पुढे कललं. काऊ झालेली मुलगी असेल सहावीतली. तिने डाव्या हाताने दार मागे रेटून धरलं आणि उजव्या हाताने ठोठावत गात राहिली. दार उघड म्हणायचं आणि तेच दार पडू नये म्हणून स्वतःच धरून ठेवायचं. सूर हलला नाही. मी असते तर तीन ओळी चुकले असते.

आता भाची. हो, स्टेजवर होती. झाड होती ती. झाडाला गाणं नव्हतं. आणि पूर्ण पाच न देता साडेतीनच का दिले तेही लेखातच लिहिलं होतं, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं: शेवटी कोणीतरी ‘झाडे लावा, झाडे जगवा’ घुसवलं, सगळी झाडं पुढे येऊन नाचली आणि काऊ बिचारा कुठे गेला कोणाला पत्ता नाही. तिथे दीड तारा कापला. भाची चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

राहिला तुमचा ऑस्करवाला नट. वाकीन फीनिक्सला ऑस्कर मिळालं ते २०२० साली, पहिल्या भागासाठी. दुसऱ्या भागाला ते उधारीवर वापरता येत नाही. पहिल्या भागाच्या पार्श्वसंगीतालाही मिळालं, हिल्दुर गुदनादोत्तिर या बाईंना. आठवतं का त्यातलं? रेल्वेत तीन माणसांवर गोळ्या झाडून तो पळतो, एका सार्वजनिक संडासात शिरतो, दार लावतो आणि हळूहळू नाचायला लागतो. खाली चेलो. ते संगीत बाईंनी चित्रीकरणाच्या आधीच करून ठेवलं होतं. दिग्दर्शक टॉड फिलिप्सने ते सेटवर ऐकवलं आणि नाच तिथल्या तिथे सुचला. संडासात शिरताना तो भेदरलेला माणूस होता, बाहेर आला तो दुसराच. एक शब्द नाही, पण माझ्या लेखी तेच खरं पद.

दुसऱ्या भागात शब्दच शब्द. वेड्यांच्या तुरुंगातल्या संगीताच्या वर्गात त्याला ली नावाची बाई भेटते, म्हणजे लेडी गागा. जीव जडला, की जीव जडल्याचं गाणं. पुढे पुन्हा तेच, फक्त उजेड निळा. जुनी अमेरिकन गाणी आहेत, लेडी गागाचा आवाज कमावलेला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती त्याच्या डोक्यातली गाणी आहेत असं तुम्ही म्हणाल. असतील. मग डोक्यात काहीतरी घडू तरी द्या! सगळ्यात चांगला प्रसंग कुठला? कोर्टात तो स्वतःच स्वतःचा वकील होऊन गॅरी या जुन्या सहकाऱ्याची उलटतपासणी घेतो तो. समोर हा रंगवलेला चेहरा आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात भीतीने आक्रसलेला माणूस. तिथे गाणं नाही. ज्या संगीतिकेतली गाणं नसलेली जागाच लक्षात राहते, तिला दीडही मी पदरचा दिला.

थोडक्यात, तारे बदलणार नाही. अडीच तासांचे २ तास १८ मिनिटं केले आहेत, तेवढ्यावर समाधान माना.

एक राहिलंच. त्या काऊच्या आईने परवा माझ्याकडून लेखाची लिंक मागून घेतली, आजी-आजोबांना वाचून दाखवायला. तुमची प्रतिक्रिया मी उडवली नव्हती. तेव्हा त्यांनी तीही वाचली असणार.