कृपया दुसऱ्या ब्राउझरमध्ये प्रयत्न करा

कुठला ब्राउझर चांगला, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, काम काय आहे? बातम्या वाचायच्या असतील तर कुठलाही. नाटकाची तिकिटं काढायची असतील तरी कुठलाही. पैसे घ्यायचे असले की साइट सहसा अडत नाही. पण फॉर्म भरायचा असेल, आणि तोही सोसायटीचा, तर चहा ठेवा, दार लावून घ्या आणि लॅपटॉपवर आहेत तेवढे सगळे ब्राउझर उघडा.

मी मुलुंडमधल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे पद मी मागितलेलं नाही. एजीएमच्या दिवशी गावाला गेलो होतो, परत आलो तेव्हा सेक्रेटरी झालो होतो. पाठोपाठ फर्मान आलं की सोसायटीची सगळी माहिती अमुक एका संकेतस्थळावर भरा. संकेतस्थळ कुणाचं ते सांगत नाही. टर्म संपेपर्यंत मला तिथेच जायचंय.

आता मी पडलो फायरफॉक्सवाला. २००४ साली त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हापासूनचा. त्याआधी हे बाळ फीनिक्स होतं, मग फायरबर्ड झालं, मग फायरफॉक्स. इतकी बारशी होऊनही टिकलेल्याबद्दल मला आदर वाटतो, आणि त्याहून म्हणजे सगळी दुनिया एका बाजूला गेली की आपण दुसऱ्या बाजूला उभं राहायचं ही आमच्या घराण्याची जुनी खोड आहे. फायरफॉक्समध्ये ते संकेतस्थळ उघडलं. पांढरंफटक पान आणि मधोमध एक ओळ : ‘हे संकेतस्थळ केवळ क्रोममध्ये पाहावे.’

पाहिलं. क्रोममध्ये फॉर्म खरोखरच उघडला आणि नोंदणीच्या तारखेपर्यंत सुरळीत चालला. आमची सोसायटी १९८४ची. तारखेच्या चौकटीत टाइप करायची सोय नव्हती. क्लिक केलं की छोटं कॅलेंडर उघडायचं, चालू महिन्याचं. मागे जायला डावीकडे एक बाण. एका क्लिकला एक महिना. निघालो. लॉकडाऊन ओलांडला. घाटकोपरची मेट्रो अजून सुरू व्हायची होती. सी-लिंक अर्धवट राहिला. २००५च्या जुलैत शिरताना उगाचच पँट वर करावीशी वाटली. नव्वदच्या दशकात आलो तेव्हा बोट दुखायला लागलं होतं. १९९५ ओलांडून मुंबईचं पुन्हा बॉम्बे झालं, आणि तेवढ्यात लाल अक्षरं आली : सेशन एक्स्पायर्ड. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा तो कॅप्चा, ज्यात शून्य आणि ओ यांच्यातला फरक बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. “सर, दुसऱ्या ब्राउझरमध्ये ट्राय करून बघा ना.”

हे वाक्य ऐकायला सोपं आहे. पण दुसरा म्हणजे कुठला? ऑपेराचं स्वतःचं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा आतला भाग, होतं, २०१३मध्ये ते सोडून तो क्रोमच्याच इंजिनावर आला. मायक्रोसॉफ्टचा एज २०२०मध्ये त्याच वाटेने गेला. ब्रेव्ह आणि विवाल्डी जन्मापासून त्याच घरचे. रंग वेगळा, चिन्ह वेगळं, आत क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच सांगाडा. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, माझ्या आयफोनवरून करा, त्यात क्रोम आहे.” तर तिथे उलटी तऱ्हा. ॲपलच्या नियमामुळे आपल्याकडच्या आयफोनवर क्रोमसुद्धा आतून ॲपलच्या सफारी ब्राउझरच्याच इंजिनावर, वेबकिटवर, चालतो. म्हणजे लॅपटॉपवर ब्राउझर बदलला तर तो बदलत नाही, आणि फोनवर तोच ठेवला तर तो तोच राहत नाही.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो पवईला एका कंपनीत वेबसाइटच बनवतो. मी म्हटलं, “तुम्ही लोक हे सगळ्या ब्राउझरमध्ये तपासत नाही का रे?”

“मामा, क्लायंट पैसे देतो एकाचे. आम्ही तपासतो एकात.”

एवढं बोलून त्याने एफ १२ दाबलं. पडद्याच्या उजव्या बाजूला साइटची आतडी बाहेर आली. त्यातला ‘रीडओन्ली’, म्हणजे फक्त वाचा, लिहू नका, एवढाच शब्द त्याने खोडला आणि तारखेच्या चौकटीत सरळ १९८४ टाइप केलं. मी बॉम्बेपर्यंत चालत गेलो होतो, हा पठ्ठ्या बसल्या जागेवरून पोचला.

मग त्याला माझ्या फायरफॉक्सची दया आली. त्याने त्यात एक एक्स्टेन्शन घातलं आणि ब्राउझरला स्वतःचं नाव ‘क्रोम’ सांगायला लावलं. तेच फायरफॉक्स, तोच लॅपटॉप, तेच वायफाय. आणि ते पांढरंफटक पान चक्क फॉर्म घेऊन हजर! म्हणजे न चालण्यासारखं काही नव्हतंच. दारावर फक्त नाव विचारत होते.

“पण हे खोटं झालं ना रे?” मी म्हटलं.

“मामा, सगळेच खोटं सांगतात. हे वाच.” त्याने क्रोमची ओळखपत्राची ओळ दाखवली. प्रत्येक ब्राउझर साइटच्या दारात गेला की अशी आपली ओळ म्हणून दाखवतो. त्यात क्रोम म्हणत होता : मोझिला ५.०, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, लाइक गेको, क्रोम, सफारी. यातला मोझिला म्हणजे १९९४च्या नेटस्केप या ब्राउझरचं घरातलं नाव. त्या काळी फ्रेम्सवाली, म्हणजे चौकटींत विभागलेली, चांगली पानं मोझिला म्हणणाऱ्यालाच मिळत, म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररही स्वतःला मोझिला म्हणवायला लागला. पुढे गेकोला, म्हणजे आजच्या फायरफॉक्सच्या इंजिनाला, चांगली पानं मिळायला लागली तेव्हा दुसरे ‘गेकोसारखा’ म्हणू लागले. मग सफारी आला, त्यानेही हेच म्हटलं. क्रोमने सफारीचंही नाव जोडलं. नेटस्केप २००८मध्ये बंद पडला, तरी आजही सगळे दारात पहिलं नाव त्याचंच घेतात.

मला हे समजायला वेळ लागला नाही. गिरगावातल्या आमच्या पागडीच्या खोलीची भाडेपावती अजून आजोबांच्या नावानेच फाटते. आजोबा जाऊन जमाना झाला. पण नाव बदलायला गेलं की मालक कागद मागतो, म्हणून आम्ही सगळे, काका धरून, तिथे आजोबाच आहोत.

विवाल्डीने तर हद्द केली. स्वतःचं नाव सांगितलं की साइट्स अडवतात म्हणून २०१९च्या अखेरीस त्याने ते सांगणंच सोडलं. आता बहुतेक ठिकाणी तो क्रोम म्हणूनच जातो. आणि मग हे साइटवाले आकडे बघून म्हणणार, सगळे क्रोमच तर वापरतात!

असो. नाव बदललेल्या फायरफॉक्सने फॉर्म शेवटपर्यंत नेला. ‘सबमिट’चं बटण सापडेना. भाच्याने झूम ६७ टक्क्यांवर आणलं तेव्हा ते खालच्या निळ्या पट्टीच्या मागून डोकावलं. दाबलं. काही नाही. पॉप-अपला परवानगी दिली, पुन्हा दाबलं. एक खिडकी उघडली आणि लाजून बंद झाली. भाच्याला मीटिंग होती. तो गेला.

उरली तळमजल्यावरची सीए ताई. तिच्याकडे एक म्हातारा लॅपटॉप आहे, त्यावर लाल स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी : ‘अपडेट करू नये. चहा ठेवू नये.’ इंटरनेट एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ला निवृत्त केलं हे मी वाचलं होतं. पण ताईने एजच्या सेटिंगमध्ये काहीतरी चालू केलं, पान पुन्हा लोड केलं, आणि पत्त्याच्या डावीकडे तो ओळखीचा निळा ई उमटला. एजच्या अंगात एक्स्प्लोरर आला होता! “हा आयई मोड,” ताई म्हणाली. “साइट यादीत घातली की ३० दिवस चालतो. मग पुन्हा घालायची.” म्हणजे अंगात येण्यालाही मुदत आहे. ही सोय निदान २०२९पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या गतीने पाहता मला ते कमी वाटतं.

एक्स्प्लोररशी माझं जुनं नातं. दोन हजारच्या सुमाराला काही मराठी वर्तमानपत्रं नेटवर वाचायची तर त्याच्यातच वाचावी लागत. सगळ्या लिप्यांसाठी एकच असलेलं युनिकोड अजून रुळायचं होतं. साइट आपला फॉन्ट स्वतःच पाठवायची आणि तो एक्स्प्लोररलाच कळायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांची भेळ दिसे. काही अग्रलेखांच्या बाबतीत फारसा फरक पडत नसे, तो भाग वेगळा.

तर एक्स्प्लोररच्या कृपेने ‘सबमिट’ झालं. पावतीची पीडीएफ उतरली. मी ती छापून रविवारच्या कमिटी मीटिंगमध्ये रुबाबात पुढे केली. खजिनदारांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं : “सहकारी गृ हनि र् माण सं स् था, मर् यादि त.”

“साहेब, ही आपली सोसायटी नाही,” ते म्हणाले.

मी सांगितलं, जोडाक्षरं तुटलीत, पीडीएफमध्ये होतं असं कधी कधी. ते म्हणाले, होत असेल, पण ऑडिटर विचारेल, दुरुस्ती मागून घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, सूचक-अनुमोदक झाले, ठराव मिनिट्समध्ये गेला. दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइनच करायचा आहे. ताईला फोन केला तर म्हणाली, “या ना, पण उद्याच या. तीस दिवस भरत आलेत.”