‘तुम्ही लोकांची आशा काढून घेता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. पण रागाच्या भरात लिहिलेलं खोडून टाकलं आणि दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘सकारात्मक विचारांना मर्यादा असतात’ असं लिहून मी आजारी माणसाच्या हातातली काठीच काढून घेतली, तुमच्या आई स्तनाच्या कॅन्सरमधून केवळ मनाच्या जोरावर बऱ्या झाल्या, आणि चांगला विचार करायला पैसे लागत नाहीत, मग त्याने कुणाचं काय बिघडतं?

आई बऱ्या आहेत हे वाचून फार बरं वाटलं. केमोच्या काळात त्या खंबीर राहिल्या, त्याचं मोल मी मुळीच कमी करत नाही. मन थाऱ्यावर असलं की दिवस ढकलणं सोपं जातं, उपचार अर्धवट सुटत नाहीत. इथवर आपलं एकमत आहे. माझं भांडण आहे ते तुमच्या ‘केवळ’ या शब्दाशी.

आणि काय बिघडतं, ते सांगतो. माझ्या मामांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तंबाखूची सवय तीस वर्षांची. मामी ‘डॉक्टरकडे चला’ म्हणाली की सगळे तिलाच गप्प करायचे: ‘वाईट बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ चट्ट्याची जखम झाली, तोंड नीट उघडेना, तेव्हा कुठे बायोप्सी झाली. तोवर पाच महिने गेले होते. त्या पाच महिन्यांत घरात कुणीही अभद्र बोललं नव्हतं.

मग ऑपरेशन, त्यामागून सहा आठवडे रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस. नाकात नळी, बोलणं बंद, म्हणून नातवाची पाटी मामांच्या उशाशी असायची. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना ‘पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनाचाच असतो’ असं सांगून जायचा. एका संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मामांनी पाटीवर लिहिलं, ‘मी कमी पडतोय का?’ मी ते वाचलं एवढं पाहिलं आणि मामी चहा घेऊन आत यायच्या आधी त्यांनी तळहाताने पुसून टाकलं.

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. उत्तर हाती लागलं तेव्हा मामा नव्हते. २००७ साली ‘कॅन्सर’ या वैद्यकीय नियतकालिकात जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरचे १,०९३ रुग्ण. मामांचा आजार याच गटातला. सुरुवातीला त्यांची मनःस्थिती कशी आहे ते नोंदवलं आणि पुढे कोण किती जगलं ते पाहिलं. अभ्यासाच्या काळात ६४६ जण गेले. मन प्रसन्न असलेले जास्त जगले, असं काही दिसलं नाही. मामा कमी पडत नव्हते. हे त्यांना पाटीवर लिहून दाखवता आलं असतं तर, असं अजूनही वाटत राहतं.

‘मनाच्या जोरावर वाचलो’ हे सांगायला वाचलेलेच असतात हो. तेवढ्याच उमेदीने लढून गेलेल्यांचं कोण सांगणार?

आशा मला नको आहे, असं मात्र समजू नका. रेडिएशननंतर मामांचा जबडा आखडला. एका सिस्टरने आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायला शिकवलं. पहिल्या दिवशी जेमतेम नऊ बसल्या. मामांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सिस्टर म्हणायच्या, ‘दुखणारच, काका. दुखलं तरी रोज करायचं.’ दुखत नाही असं समजा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मामी रोजचा काड्यांचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची. महिन्याभराने तिथे चौदा आला आणि त्या दिवशी मामांनी मऊ भात खाल्ला. त्या घरात आशा मी पाहिली ती त्या चौकोनांत.

‘मग आजारी माणसाशी बोलायचं तरी काय?’ असंही तुम्ही विचारलंत. मी आता ‘आज काय दुखतंय?’ एवढंच विचारतो आणि बसून राहतो.

तुमच्या आईंना अधूनमधून तपासणीला जावं लागत असेल. आदल्या रात्री त्यांना झोप लागते का, हे एकदा विचारा. ‘नाही’ म्हणाल्या तर लगेच समजूत घालू नका. त्या काय सांगतात ते पूर्ण ऐका, आणि वाटलं तर मलाही कळवा.